वकिलाला मज्जाव करणारा कायदा : शहाद्याच्या जमिनी आणि कलम ९-अ

१/
नागरी हक्कांचा लढा म्हटला की डोळ्यांसमोर काळा कोट उभा राहतो. महाराष्ट्राच्या एका कायद्याने मात्र सुनावणीच्या दाराशीच वकिलाला थांबवले, आणि तेही दुर्बल पक्षकाराच्या हितासाठी. त्यामागची परिस्थिती नंदुरबारच्या इतिहासात स्पष्ट दिसते. #धागा

२/
१९७० च्या सुमारास नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. उत्तरेस सातपुडा, खाली तापीकाठची सुपीक काळी जमीन. शहादा-तळोद्यातील अनेक भिल्ल कुटुंबांची शेते कर्ज, गहाण आणि अंगठ्याच्या ठशांतून परहस्ते गेली. कालचा मालक स्वतःच्याच शेतावर सालदार झाला.

३/
१९७१ मध्ये पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळीबार झाला. भिल्ल समाजातील अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली असंतोष संघटित होत होता. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. हरपलेल्या जमिनी परत मिळवणे ही मुख्य मागणी होती.

४/
मग न्यायालयात दाद का मागितली नाही? कारण कागद खरेदीदाराच्या बाजूने बोलत होता. सातबाऱ्यावर नाव त्याचे, वकिलाची फी देण्याची ऐपतही त्याचीच. भिली बोलणाऱ्या सालदाराला तारखेमागून तारीख म्हणजे बुडालेली मजुरी. औपचारिक समता होती. प्रत्यक्ष सामना विषम होता.

५/
हा प्रश्न केवळ शहाद्याचा नव्हता. राज्यातील अनेक आदिवासी भागांत तोच अनुभव होता. १९७४ मध्ये विधिमंडळाने दोन पावले उचलली. जमीन महसूल संहितेतील दुरुस्तीने ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीविना बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास बंदी आली. दुसरे पाऊल अधिक धाडसी होते : आधीच गेलेली जमीन परत देणे.

६/
महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा अधिनियम, १९७४ हा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे त्याच्या कक्षेत आली. अर्जाची वाट न पाहता जिल्हाधिकाऱ्याला स्वतःहून चौकशी करता येई. मूळ मालकाने जमीन स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि आकाराच्या ४८ पट रक्कम, अधिक सुधारणांचे मूल्य भरायचे.

७/
याच अधिनियमात मागाहून कलम ९-अ घालण्यात आले. जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा महसूल न्यायाधिकरण यांच्यापुढे कोणत्याही पक्षाला वकील देता येणार नाही, असे ते सांगते. हेतू उघड होता. एकाकडे नामांकित वकील आणि दुसऱ्याकडे कोणीच नाही, अशी सुनावणी होऊ नये.

८/
खरेदीदारांनी कायद्याला आव्हान दिले. ४ डिसेंबर १९८४ रोजी लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम वैध ठरवला. दुर्बलांची गेलेली संपत्ती त्यांना परत देणे हा वितरणात्मक न्यायाचाच भाग मानला गेला. कलम ९-अ देखील टिकले.

९/
तरीही एक पेच उरला. महसूल कचेरीत हरलेला खरेदीदार उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथे वकिलाला मज्जाव नाही. म्हणजे जिंकलेला आदिवासी नेमक्या शेवटच्या पायरीवर एकाकी पडणार. म्हणूनच न्यायालयाने त्याच निकालात राज्याच्या खर्चाने आदिवासींना विधी साहाय्य पुरवण्याची गरज अधोरेखित केली.

१०/
मोफत विधी साहाय्याचे तत्त्व ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ मध्ये आधीच आले होते. त्याला यंत्रणा मिळाली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मुळे. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

११/
कलम ९-अ आणि कलम १२ वरवर परस्परविरोधी भासतात. एक वकिलाला बाहेर ठेवते, दुसरे वकील मिळवून देते. दोहोंच्या मुळाशी मात्र एकच जाणीव आहे : न्यायाचा तराजू धरण्याआधी दोन्ही पारडी रिकामी असताना तो सरळ आहे का, हे पाहावे लागते. शहाद्याच्या सालदाराला हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाआधी ठाऊक होते.