रूढीचें शस्त्र आणि घरांतील बोलणें

वऱ्हाडांतील बुलढाण्याचें नांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत एका लहानशा पुस्तकानें अजरामर केलें आहे. तेथील ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यास छापवून प्रसिद्ध केला. आदल्या वर्षीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा सांगण्यांत आली होती. अपिलांत ती कमी झाली. परंतु तेवढ्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषांचा भडिमार सुरू झाला. ज्या रूढीनें विधवेची ही अवस्था केली, तिचें फळ एकट्या स्त्रीनेंच कां भोगावें, असा ताराबाईंचा रोकडा सवाल होता. जोतीराव फुले यांनीं त्यांची बाजू घेतली. इतरांनीं बहुधा कुचेष्टाच केली.

त्या काळीं विधवेचें केशवपन हाहि धर्मच मानला जाई. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून विधवेच्या मस्तकावर वस्तरा न धरण्याचा निश्चय केला. पुढें ही चाल नाहींशी झाली, ती कोणत्याहि फौजदारी कायद्यामुळें नव्हे. एकेका घरांतील माणसांचें मन पालटलें, म्हणून.

हा इतिहास आज आठवण्यास कारण आहे. स्त्रीदेहावर शस्त्र चालविणारी दुसरी एक चाल आपल्या देशांत, मुंबईसारख्या शहरांतहि, अद्याप आहे. दाऊदी बोहरा समाजांत सुमारें सात वर्षांच्या मुलीची ‘खतना’ करितात. म्हणजे तिच्या जननेंद्रियावरील त्वचेचा भाग कापतात. यांत आरोग्याचा कांहींच लाभ नाहीं, अपाय मात्र होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा स्पष्ट अभिप्राय आहे. मुलीला नेणारी बहुधा तिची आई किंवा आजीच असते. स्वतः ती वेदना सोसलेली स्त्री लेकीचा हात धरून तिला तेथें नेते, हें क्रौर्यानें घडत नाहीं. मुलगी निर्मळ राहावी, समाजांत तिला नांव ठेवलें जाऊं नये, ही मायाच तिला तसें करावयास लाविते. म्हणूनच हा प्रश्न बिकट आहे.

मुंबईच्या प्राध्यापिका रेहाना घडियाळी यांनीं १९९१ सालीं ‘मानुषी’ नियतकालिकांत याविषयीं लिहिलें. २०१५ सालीं कांहीं स्त्रियांनीं ‘सहियो’, म्हणजे सख्या, या नांवाची संस्था काढिली. तिनें ३८५ बोहरा स्त्रियांना प्रश्न विचारून २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा ८० जणींची खतना झाली होती, आणि शेंकडा ८१ जणींना ही चाल पुढें चालूं नये असें वाटत होतें! मनांतून नको असलेली गोष्ट परस्परांच्या भयानें चालत होती. हें भय घालविण्यासाठीं ‘सहियो’नें बोहरा घरांतील रीतच हाताशीं धरिली: एका मोठ्या थाळ्याभोंवतीं जेवावयास बसावें आणि बोलावें.

सेनेगल देशांतील मालिकुंडा बंबारा या गांवच्या स्त्रियांनीं आरोग्य व हक्क यांचें शिक्षण घेतल्यावर १९९७ सालीं ही चाल सोडल्याचें जाहीर केलें. एकट्या घरानें सोडल्यास मुलीचें लग्न अडेल. सर्वांनीं मिळून सोडल्यास कोणाचेंच अडत नाहीं, हें तेथें उमगलें.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें २०१७ सालीं या चालीविरुद्ध अर्ज आला; २०१८ सालीं तो मोठ्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. कायदा हवाच, परंतु सात वर्षांची मुलगी आईविरुद्ध फिर्याद कशी करणार? कायदा पोहोंचेपर्यंत शस्त्र चाललेलें असतें. आजीच्या मनांतला निश्चय मात्र त्याआधींच मुलीला वांचवूं शकतो.

दुसऱ्यांच्या घरांतील चालीविषयीं आम्हीं बोलावें काय? ज्यांच्या आजी-पणजींच्या मस्तकावर वस्तरा फिरला, त्यांनीं उपदेशकाच्या उच्चासनावर बसूं नये, हें खरें. परंतु बुलढाण्याची ती लेखिका आपल्याच लोकांशीं, आपल्याच भाषेंत भांडली. आज बोहरा भगिनी तेंच करीत आहेत. त्यांचें बोलणें चालू असतां आम्हीं कुचेष्टा करणाऱ्यांत नसावें, एवढें तरी आमच्या हातीं आहे.