मज्जारज्जूची दुखापत आणि शुश्रूषेचा इतिहास



सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी विश्वस्त मंडळाने सूचना केली, तेव्हा आपल्या बाजारपेठेचा इतिहास लिहावा असे प्रथम मनात आले. मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षण बी. कॉम. पर्यंतचे. वैद्यकशास्त्राचा माझा अधिकार नाही. तरीही मज्जारज्जूच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्यांच्या शुश्रूषेचा इतिहास हा विषय मी निवडला. त्याचे कारण आरंभीच सांगणे उचित ठरेल.

१९८२ साली मी नुकताच वडिलांच्या हाताखाली पिंपरीच्या दुकानात बसू लागलो होतो. दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरून कापडाची गाठ उतरवताना आमचा एक हमाल शिडीवरून खाली कोसळला. आम्ही चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलले आणि टेम्पोत घातले. कमरेचा मणका मोडला होता व पाय कायमचे गेले होते. काही आठवड्यांनी त्याला घरी पाठविण्यात आले. वडिलांनी पगार चालू ठेवला, औषधाचा खर्च दिला. आपले कर्तव्य झाले, असे आम्ही मानले. आठव्या महिन्यात तो वारला. मणका मोडल्याने गेला, असे सर्वजण म्हणाले. तो मणक्यामुळे गेला नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. पाठीवर व टाचांवर पडलेल्या जखमा चिघळून त्याला ताप चढला होता.

मेंदूकडून निघालेले आदेश मज्जारज्जूतून शरीरभर जातात आणि शरीराच्या संवेदना त्याच वाटेने मेंदूकडे परततात. हा मार्ग तुटला की त्या खालच्या भागाची हालचाल थांबते आणि संवेदनाही नाहीशी होते. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. या रुग्णाला अंग अवघडल्याचे समजतच नाही. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये दबलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो व शय्याव्रण होतात. लघवीवरील ताबा गेल्याने मूत्राशयात जंतुसंसर्ग होतो. मृत्यू ओढवत असे तो बहुधा या दोन वाटांनी.

प्राचीन इजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाचे वर्णन आहे आणि या व्याधीवर उपचार करू नयेत, असा निर्णयही तेथेच दिलेला आहे. हा निर्णय सुमारे साडेतीन हजार वर्षे टिकला. पहिल्या महायुद्धातही असे बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले.

हे चित्र पालटण्याचे मोठे श्रेय डॉ. लुडविग गुटमान यांना जाते. ज्यू असल्यामुळे १९३९ साली त्यांना जर्मनी सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तुटलेला मज्जारज्जू जोडण्याचे औषध त्यांच्यापाशी नव्हते, ते आजही कोणापाशी नाही. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवायची, मूत्राशयाची निगा राखायची आणि माणसाला लवकरात लवकर बसते करून कामाला लावायचे, हाच त्यांचा उपचार होता. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तेथे सोळा अपंग माजी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम त्या स्पर्धेत आहे.

महाराष्ट्रही या बाबतीत मागे नव्हता. अपंग सैनिकांना उद्योगशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत स्थापन झाली व पुढे खडकीस आली. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९७४ साली खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांचे ते घरच झाले आहे. तेथील रहिवाशांनी चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळला, विणकामाची यंत्रे चालविली, आणि ज्यांचे हातही गेले त्यांनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली.

सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे श्री. मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. आपल्याच कापडधंद्याशी संबंधित असलेले थोर क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना साहाय्य केले होते, ही गोष्ट आपणा व्यापाऱ्यांना अभिमानास्पद आहे. २०१८ साली श्री. पेटकर यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपटही निघाला.

आता १९८२ कडे पुन्हा पाहावे. गुटमान यांच्या कार्याला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. खडकीचे केंद्र आठ वर्षांचे होते, आणि आमच्या दुकानापासून त्याच मुंबई-पुणे रस्त्यावर होते. ते सैनिकांसाठी असल्याने आमच्या हमालाला तेथे प्रवेश मिळाला नसता, हे खरे. पण घरी काय काळजी घ्यावी, एवढे विचारायला तरी आम्ही जाऊ शकलो असतो. दर दोन तासांनी कूस बदला, हे एक वाक्य त्याच्या पत्नीला कोणी सांगितले असते, तर खर्च एका पैचाही नव्हता. ज्ञान होते, ते घरापर्यंत पोहोचले नाही. या इतिहासातून मला हेच दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दरवर्षी अडीच ते पाच लाख लोकांना अशी दुखापत होते. गरीब देशांत टाळता येण्याजोग्या शय्याव्रणांनी व संसर्गाने माणसे अजूनही मरतात, असेही तो अहवाल सांगतो. आपल्याकडे २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. मुंबईत २००१ पासून नीना फाउंडेशन ही संस्था याच रुग्णांसाठी काम करीत आहे. साधने वाढली आहेत, धोकेही वाढले आहेत. पूर्वी शेतांचे असलेले आपले मारुंजी आज उंच इमारतींचे झाले आहे. परांचीवर चढणारे मजूर आणि हिंजवडीच्या रस्त्याने दुचाकीवर धावणारी आपली मुले आपण रोजच पाहतो.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त दोन चाकाच्या खुर्च्या व दोन हवेच्या गाद्या ट्रस्टने घ्याव्यात आणि जातधर्म न पाहता गरजूंना वापरण्यास द्याव्यात. सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. जखमीला हातापायांनी न उचलता मान व पाठ एका रेषेत ठेवून फळीवर कसे घ्यावे, घरी कूस कशी बदलावी, याचे शिक्षण आपल्या तरुण मंडळाने तज्ज्ञांकडून घ्यावे. आजाऱ्याच्या सेवेला आपल्या परंपरेने ‘वैयावृत्त्य’ म्हणून तपात स्थान दिले आहे. केवळ पैसे देऊन ते तप पूर्ण होत नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

त्या हमालाच्या कुटुंबाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचे मला तेव्हा सुचले नाही, आणि पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. ते आज या पानावर लिहून ठेवतो.

अस्तु.