आठ ओवऱ्या, दोन टाकी आणि एक वाट

मुंबईकडून महामार्गाने येताना महाड शहर लागण्याआधी डोंगराच्या कुशीत लेण्यांची रांग दिसते. ही गंधारपाले लेणी. आजूबाजूचे लोक त्यांना पांडवलेणीही म्हणतात. खाली गांधारी नदी सावित्रीला मिळते, समोर भातखाचरे पसरलेली असतात. गेली पंचवीस-तीस वर्षे मी या लेण्यांवर जातो आहे. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. ब्राह्मी अक्षरे थोडी पुस्तकांतून आणि थोडी दगडावर बोट फिरवून शिकलो.

इथल्या एका लेखाने माझ्या डोक्यात एक प्रश्न सोडून दिला, तो अजून सुटलेला नाही. लेख प्राकृतात आहे आणि अक्षरांच्या वळणावरून तो साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला धरतात. कुमार काणभोअ विष्णुपालित नावाच्या दात्याने काय काय दिले, त्याची ती यादी आहे. लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवरक, म्हणजे आठ लहान खोल्या. आपल्या देवळाच्या आवारातली ‘ओवरी’ याच शब्दाची वंशज. पण यादी खोल्यांपाशी थांबत नाही. पुढे लेण्याच्या दोन्ही अंगांना दोन ‘पोढी’, म्हणजे पाण्याची टाकी, आणि लेण्याला जोडणारी वाट, हेही दिल्याचे कोरले आहे.

दगडावर अक्षर कोरणे काही स्वस्त काम नव्हते. तरीही दात्याला टाकी आणि वाट लिहून ठेवावीशी वाटली. त्यांच्याशिवाय आठ ओवऱ्यांना अर्थ नव्हता, हे त्याला ठाऊक असणार. लहान घराबद्दल मला जे सांगायचे आहे त्याचे बीज या यादीत आहे. लहान घर एकटे कधीच पुरत नाही. त्याचा उरलेला भाग बाहेर कुठेतरी असावा लागतो, आणि तो कोणीतरी द्यावा किंवा राखावा लागतो.

विहारातली खोली पाहिली की हे लगेच ध्यानात येते. बुटके दार, आत अंधार, काही खोल्यांत निजायला दगडी ओटा. एक माणूस, एक चीवर, एक भिक्षापात्र एवढेच तिथे मावते. पण भिक्षूला चूल लागत नव्हती, कारण त्याची चूल खालच्या गावातल्या घराघरांत होती. बसायला-बोलायला समोर सगळ्यांचा मंडप होता. पाणी टाक्यात होते. कोकणच्या पावसात चार महिने एका जागी राहायचे, तर डोंगराचे छप्पर याहून भक्कम मिळणार नाही. आणि तिथे लेकुरवाळी बाई नव्हती, म्हातारी आई नव्हती, गाय नव्हती. भिक्षूच्या खोलीचे गोडवे गाताना एवढे विसरून चालत नाही.

हल्ली लहान घर हा हौसेचा विषय झाला आहे. आमच्या भागातही शहरातली मंडळी जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर कंटेनरचे किंवा लाकडाचे छोटे घर ठेवतात. ही ओढ खोटी नाही. लहान घराला कर्ज कमी, झाडलोट कमी, सामानाची हाव कमी. या ओढीचा आद्य पुरुष म्हणून अमेरिकेतल्या हेन्री डेव्हिड थोरोचे नाव घेतात. १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी त्याने दहा फूट बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली. खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि हा हिशेब त्याने स्वतः छापला. तिथे तो दोन वर्षे, दोन महिने राहिला. पण पाण्याला तळे दारात होते, कॉन्कॉर्ड गाव दीड-दोन मैलांवर होते आणि तिथे त्याचे येणेजाणे चालूच होते. पुढे १९५० च्या दशकात ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराने फ्रान्सच्या समुद्रकाठी स्वतःसाठी ३.६६ मीटर लांबी-रुंदीची एकच खोली बांधली. तिच्यात स्वयंपाकघरच नाही, कारण भिंतीला लागून खानावळ होती. दोघेही शहाणे. घर लहान ठेवले, पण उरलेले घर शेजारी आहे याची खात्री आधी करून घेतली.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवरची जुनी घरेही तशी लहानच. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर गवत किंवा पेंढा, आणि पुढे ऐपतीप्रमाणे कौले. ओटी, माजघर, चुलीची जागा आणि वर माळा. चौरस फुटांत मोजाल तर आजच्या शहरी माणसाला ते घर अपुरे वाटेल. पण ते घर चार भिंतींत संपत नव्हते. पुढे सारवलेले अंगण, बाजूला पडवी, मागे परडे, जवळच गोठा. भात झोडायला खळे. पावसाळ्याची लाकडे पडवीत किंवा माळ्यावर. शिमग्यात पालखी दारी आली की ती नाचवायला अंगण. गौरी-गणपतीला मुंबईची पंधरा-वीस माणसे उतरली तरी निजायला ओटी, पडवी आणि शेजाऱ्याचे घर. या बाहेरच्या जागेवर आतली तंगी निभावून जाई. आतला धूर, अंधार आणि दमटपणा मात्र बायकांच्या वाट्याला येई. चूल त्यांची, आणि उन्हाळ्यात झऱ्यावरून हंडे आणणेही त्यांचेच. कातकऱ्यांचे खोपट तर याहून लहान. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंब निघाले की ते मागे राही आणि भट्टीवर तेवढेच नवे उभे राही. तिथे लहान घर ही निवड नव्हती. स्वतःची जमीन नाही म्हणून ते तेवढेच होते.

याच वाड्यांतला तरुण गडी मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, बाजारात कामाला लागला आणि ‘खोली’ हा शब्द गावी घेऊन आला. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या जागेला गावकीची किंवा बैठकीची खोली म्हणत. भिंतीशी ट्रंका रचलेल्या, वर दोरीला कपडे, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक उठून कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा निजायचा. जेवण खानावळीत. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांची पुढे प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. लहान खोलीचे स्वयंपाकघर म्हणजे याच बायका होत्या.

कुटुंब सोबत आले की ही घडी विस्कटे. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड इथे चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी. चाळी २०७, दर चाळीत ८० खोल्या, आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. थोरोची झोपडी १५० चौरस फुटांची होती. म्हणजे जवळपास तेवढ्याच जागेत तिकडे एक लेखक राहिला आणि इकडे आईवडील, चार मुले आणि गावाहून कामाच्या शोधात आलेला पुतण्या. नळ आणि संडास सामाईक. पुरुष गॅलरीत किंवा रस्त्यालगत निजू शकत. बाईला ती सोय नव्हती. आजारपण, बाळंतपण, मुलाची परीक्षा सगळे त्याच खोलीत. चाळीच्या माणुसकीच्या आठवणी आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या गेल्या, आणि त्या खऱ्याही आहेत. शेजारी धावून येई, भजनी मंडळ जमे, गावाकडचा निरोप पोचे. पण त्यातले बरेच लेखन ज्यांना गॅलरी मिळाली त्यांनी केले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा अनेकजण गावी परतले. गावी अंगण होते, पण मनीऑर्डर करणारा कोणी उरला नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोली बदलायला शंभर वर्षे लागली.

खोलीच्या या इतिहासाचा एक धागा महाडला घट्ट बांधलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत राहत होते. १९१२ ते १९३४ असा तो बावीस वर्षांचा काळ. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा हा नेता चाळीच्या दोन खोल्यांतून महाडला आला होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून.

चवदार तळ्याचा सत्याग्रह हा माणूस म्हणून असलेल्या हक्काचा लढा होता, यात दुमत नाही. पण घरांचा इतिहास वाचताना त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी घागर घेऊन तिथे जाण्याची सोय नव्हती. ज्याच्या घरात विहीर आहे त्याला तळे नाकारले तर त्याचा अपमान होतो. ज्याचे घरच एका खोलीचे आहे त्याचे तळे नाकारले, तर अपमानाबरोबर त्याच्या घराचा एक भाग काढून घेतला जातो. गंधारपाल्याच्या दात्याने ओवऱ्यांबरोबर टाकी दिली. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावाने सतराशे-अठराशे वर्षांनी पाण्यावर पहारा बसवला. हा वाद कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

आता अलीकडचे. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि मोठी मनुष्यहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत वाडीच्या वाडी दरडीखाली गेली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या. दासगावच्या काही कुटुंबांना पत्र्याच्या शेडमध्ये वर्षामागून वर्षे काढावी लागली. तळीयेच्या लोकांची तात्पुरती सोय कंटेनरच्या घरांत झाली, आणि पक्क्या घरांचे काम म्हाडाकडे दिले गेले.

संकटात कंटेनर हा वाईट उपाय नाही. तो लवकर येतो, पावसात उभा राहतो, लोकांना शाळेच्या वर्गातून बाहेर काढतो. पण शेतकऱ्याच्या घरातले त्यात काय मावते, हे मोजून पाहिले पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापला की दुपारी आत थांबवत नाही. आषाढात छपरावर पाऊस असा वाजतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. भाताची कणगी ठेवायला जागा नाही, चूल पेटवता येत नाही, गुरे बांधायची कुठे हा प्रश्न वेगळाच. म्हातारा माणूस ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतो, तीच त्याची दिनचर्या. ओटी गेली की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. शहरातला हौशी माणूस असेच घर सुट्टीत दोन दिवस वापरतो आणि ताजातवाना होऊन परत जातो. त्याचे खरे घर दुसरीकडे शाबूत असते. दरडग्रस्ताचे खरे घर मातीखाली आहे. घर तेच, पण एकाला मागे आधार आहे आणि दुसऱ्याला नाही.

सरकारी योजनांतही मोजमाप चार भिंतींचेच होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे लागते, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते. बीडीडीच्या खोलीहून हे मोठे आहे आणि हक्काचे छप्पर ही लहान गोष्ट नाही. पण कोकणात चार महिने कोसळणाऱ्या पावसात घरापुढे दोन हात पडवी आहे की नाही, यावर त्या घरातली बाई कपडे कुठे वाळवणार, लाकडे कुठे ठेवणार आणि मूल कुठे खेळणार हे ठरते.

म्हणून लहान घर चांगले की वाईट, या वादात मला फारसा रस नाही. ते कोणाचे, किती माणसांचे आणि त्याच्या बाहेर काय आहे, हे आधी विचारावे. दरडीच्या भीतीने डोंगरउतारावरच्या आणखी वाड्या पुढच्या काळात खाली आणाव्या लागणार आहेत. त्यांचे आराखडे होतील तेव्हा कागदावर घरांचे चौकोन आखले जातीलच. ग्रामसभेत बसणाऱ्यांनी त्या चौकोनांभोवतीची पांढरी जागा नीट पाहावी. पाणी उन्हाळ्यात कुठून येणार, गोठा कुठे, खळे कुठे, पालखी कुठे नाचणार, आणि जुन्या शेताकडे जायची वाट त्या कागदावर आहे की नाही, हे सही करण्याआधी विचारावे.