डॅशबोर्डाला एकच भोक का?

"काप म्हणतोस तर काप. पण आधी एक सांग, त्यांनी एकच भोक का पाडलं असेल रे?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा मी जिगसॉला नवीन पातं लावत होतो. स्थळ : सापगाव, शहापूरहून मुरबाडकडे जाताना लागतं ते. घराशेजारच्या शेडमध्ये आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. तिच्या डॅशबोर्डातला स्पीकर नुसता खरखरायचा. इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन कागदाचा कोन पार कुजला होता. मी दोन चकचकीत स्पीकर घेऊन गेलो होतो. एक डावीकडे, एक उजवीकडे, मस्त स्टिरिओ. त्यासाठी पत्रा कापायचा, बस्स!

बाबांचा प्रश्न ऐकून जिगसॉ खाली ठेवला. इंजिनियर माणसाला "का" विचारलं की संपलंच ना :)

आधी गाडीचं बघू. वालचंद हिराचंद म्हणजे आपले सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या. नंतर फियाटशी करार झाला. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने स्पष्ट केलं की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग इथेच बनवा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, प्रीमियर टिकली. पण अशा बाजारात गाडी मिळणं हीच चैन होती. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. रेडिओ ही पुढची गोष्ट, तो मागाहून स्वतःच्या खर्चाने बसवायचा. आजोबांनी तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला बसवून घेतला. म्हणजे ते भोकसुद्धा कंपनीचं नाही!

आता रेडिओ. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ विकायला काढला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. हो, तीच मोबाइलवाली. ते व्हॉल्व्हचे जाडजूड डबे होते आणि बॅटरी भराभर पीत. पन्नाशीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, डबा लहान झाला, पण स्पीकर एकच राहिला. कारण मीडियम वेव्हवरचं प्रसारण मोनो. डावं-उजवं असं काही त्यात नसतंच, मग दुसरा स्पीकर लावून तेच दोनदा ऐकायचं? अमेरिकेत एफएम स्टिरिओला १९६१ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे खासगी एफएम यायला २००१ उजाडलं. मधल्या काळात गाडीत स्टिरिओ आणला तो कॅसेटने.

बरं, ऐकायचं काय, हेही सरकारच ठरवायचं. माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. त्यांच्या काळात, १९५२ पासून, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. आणि रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून. ते प्रकरण ऐंशीच्या दशकात संपलं. आमच्या गाडीच्या कप्प्यात आजोबांचं ते पुस्तक अजून आहे, तिकिटं चिकटवलेलं.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं : गाडी मोजक्याच कंपन्यांची, आवाज एकाच वाटेने येणारा, त्यावर वर्षाचं लायसन्स. एवढ्यासाठी एक भोक पुरत होतं. मी त्याला गाडीतली कमतरता समजत होतो. तो खरं तर त्या काळाचा नीट केलेला हिशोब होता.

मग केलं काय? दुहेरी कॉइलचा स्पीकर मिळतो. कोन एक, पण त्यावर दोन वेगळ्या कॉइल. एकीला डावा चॅनल, दुसरीला उजवा. दोन्ही आवाज एकाच कोनातून बाहेर, गाण्यातलं काही गळत नाही. मापाचा मागवला, पुढच्या शनिवारी जुन्याच स्क्रूंवर बसवला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा मंडळी : जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर बऱ्याचदा गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. नव्या सेटला ते अजिबात चालत नाही, आउटपुटची चिप जळते. ती वायर आधी सोडवून चारही वायरी वेगळ्या न्यायच्या. जुना स्पीकर आणि रेडिओ पेपरात गुंडाळून डिकीत ठेवला. उद्या कोणाला परत बसवावासा वाटला तर अर्ध्या तासाचं काम.

पत्रा कापला असता तर ते जमलं नसतं. पद्मिनी नावाने पुढे चाललेल्या या गाडीचं उत्पादन शतक संपता संपता थांबलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. असा अख्खा डॅशबोर्ड आता भंगारातच शोधायचा.

संध्याकाळी बाबा ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, गाडी चालू न करताच. दोन-तीन गाणी झाली. मग म्हणाले, "आवाज समोरूनच येतो अजून."

असो. दोन नवे स्पीकर बॅगेत तसेच पडून आहेत. कोणाला हवेत का?