ठोकळा, पाणी आणि धूळ

डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या हातात पॉलिश पेपर गुंडाळलेला एक ठोकळा असतो. गाडी परत घेताना आपलं सगळं लक्ष बिलाकडे, त्यामुळे त्या ठोकळ्याकडे कोण बघतो? पण मंडळी, त्याला चांगला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नुसता चकचकीतपणाचा नाही. माणसांच्या फुफ्फुसांचाही आहे.

आधी ठोकळा लागतोच कशाला? नुसत्या हाताने घासलं तर बोटांखाली दाब जास्त पडतो आणि तिथे चर पडतात. प्रायमरवर ते कळत नाहीत. वर रंग चढला आणि गाडी उन्हात आली की पत्र्यावर लाटा दिसायला लागतात! म्हणून सपाट दाराला लांब, कडक ठोकळा घ्यायचा. तो उंचवट्यांवर टेकतो, खड्ड्यात उतरत नाही. मडगार्डच्या गोलाईला मात्र वाकणारा, रबराचा किंवा फोमचा.

घोडागाडीच्या काळात हा प्रश्नच वेगळा होता. तेव्हा प्युमिस दगडाचा तुकडा पाण्यात भिजवून अस्तराचे थर घासत. म्हणजे ठोकळा आणि घासणारी वस्तू एकच. थरावर थर, प्रत्येक थर वाळायची वाट बघायची... एका गाडीला कित्येक आठवडे लागत. सँडपेपर होता, पण त्यावरचे कण जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवलेले. पाणी लागलं की सरस सुटला! म्हणून तो कोरडाच वापरायचा. आणि रंगात असायचं शिसं. कोरडं घासणं म्हणजे शिशाची धूळ नाकातोंडात. हा धोका इतका उघड होता की १९२१ साली जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सफेद्याविषयीच्या करारात, कोरड्या घासण्याच्या धुळीपासून रंगाऱ्यांना वाचवण्याचं कलम घातलं गेलं.

योगायोग बघा, अमेरिकेत त्याच वर्षी यावर एक उपाय बाजारात यायच्या मार्गाला लागला. फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने १९२० मध्ये थ्रीएम कंपनीला पत्र लिहून घासकामाच्या खनिजाचे नमुने मागितले. कंपनी नुसते कण विकत नव्हती. पण विल्यम मॅकनाइट यांना प्रश्न पडला, की शाईवाल्याला हे हवंय कशाला? चौकशी केली तर ओकीने पाण्यात न सुटणारा सँडपेपर केलेला! थ्रीएमने १९२१ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि ओकीलाही नोकरीत घेतलं. तोच 'वेटऑरड्राय', आपल्या गॅरेजांतला काळा वॉटर पेपर. आता ठोकळा वेगळा आणि पेपर वेगळा झाला, म्हणजे आकार पत्र्याप्रमाणे निवडता आला. धूळ पाण्याबरोबर वाहून जायला लागली.

याच पेपरचे नमुने घेऊन रिचर्ड ड्रू नावाचा थ्रीएमचा तरुण तंत्रज्ञ रंगकामाच्या गॅरेजात जायचा. दोन रंगांच्या गाडीवर कागद चिकटवून काढताना रंगारी कसे वैतागतात, ते त्याने पाहिलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप आणली. म्हणजे एका पेपरच्या पाठोपाठ टेपसुद्धा!

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे खड्डे भरायला पॉलिएस्टरची लांबी आली. ती सच्छिद्र असते, पाणी पिते, आणि मग रंगाखाली गंज धरतो. म्हणून ती कोरडीच घासावी लागते. शंभर वर्षांपूर्वी पाण्याने घालवलेली धूळ अशी मागच्या दाराने परत आली. त्यावरचा उपाय म्हणजे भोकं पाडलेला, व्हॅक्यूमची नळी जोडता येणारा ठोकळा, आणि तोंडाला मास्क. नुसता रुमाल नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी टाकाल तेव्हा रंगाची शेड विचाराच, पण लांबी घासताना धूळ कुठे जाते हेही विचारा. उत्तरावरून गॅरेज कळतं.