तबकडी पालटताना

बीटल्सचा ‘ॲबी रोड’ मी प्रथम सीडीवर ऐकला. त्यातले सहावे गाणे, ‘आय वॉन्ट यू’, जवळजवळ आठ मिनिटांचे. गिटारची तीच आवर्तने येत राहतात, वादळी वाऱ्यासारखी खरखर चढत जाते आणि एकाएकी सारे तुटते. सीडीच खराब निघाली, असे मला वाटले. तेवढ्यात ‘हिअर कम्स द सन’ सुरू झाले. ते उगाच मागून चिकटवल्यासारखे भासले.

पुढे एका मित्राकडे हाच अल्बम तबकडीवर ऐकला. सूर तुटला. मित्र उठला, तबकडी पालटली, सुई ठेवली. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेनंतर जॉर्ज हॅरिसनचे तेच गाणे खरोखर ऊन पडल्यासारखे आले.

तेव्हापासून माझे मत असे की, रॉक अल्बमच्या इतिहासात शब्द, वाद्ये, स्टुडिओतले प्रयोग यांच्याइतकाच तबकडीच्या दोन बाजूंचाही विचार व्हायला हवा. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणारी एलपी आणली. जुन्या तबकडीची एक बाजू तीन ते पाच मिनिटांत संपे. आता वीसेक मिनिटे हाती आली. साठच्या दशकात रॉक संगीतकार या अवकाशाची जाणीवपूर्वक रचना करू लागले. ‘ॲबी रोड’च्या बाजूंचा क्रम ऑगस्ट १९६९ मध्ये आधी उलटा ठरला होता. तसे झाले असते तर संपूर्ण अल्बम त्या तुटलेल्या सुरावर संपला असता. क्रम बदलला आणि अर्थही बदलला.

लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमची पहिली बाजू ‘स्टेअरवे टू हेवन’वर संपते. शेवटी उरतो तो रॉबर्ट प्लांटचा एकटा आवाज. त्यावर लगेच दुसरे गाणे ऐकवत नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये (१९७३) क्लेअर टॉरीचा शब्दांवाचूनचा आक्रोश मृत्यूपाशी नेऊन सोडतो, बाजू पालटली की ‘मनी’तली नाणी आणि गल्ल्याची घंटी खणखणते. मरण आणि पैसा यांच्यामध्ये श्रोत्याला स्वतः उठावे लागते. या अल्बममधला सर्वांत बोचरा क्षण मला हाच वाटतो.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि हे उठणे संपले. आवाज स्वच्छ झाला, सोय झाली. मीही ती नाकारत नाही. पण मध्यंतर गाळून नाटक सलग केले तर दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतच नाही. म्हणून आजही सहावे गाणे तुटले की मी यंत्र थांबवतो, खिडकीपर्यंत जाऊन येतो आणि मगच सातवे लावतो.