गीतरामायणाचे दोन पाठ

पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्यांस ध्वनिलेख हें साधन परकें वाटतें. परंतु १९५० नंतरचें मराठी गाणें अभ्यासावयाचें तर पोथी म्हणजे ध्वनिलेखच होय. गीतरामायणाचेंच पहा. कै. ग. दि. माडगूळकरांचीं पदें व कै. सुधीर फडके यांच्या चाली पुणें आकाशवाणीवरून चैत्र शुद्ध ९ शके १८७७, म्हणजे ता. १ एप्रिल १९५५ पासून आठवड्यास एक याप्रमाणें प्रसृत झाल्या. वर्षाचीं गीतें ५२ व्हावयाचीं, तीं ५६ कां? त्या शकांत अधिक भाद्रपद होता; त्यामुळें रामनवमी ते रामनवमी हें अंतर सुमारें ५५ आठवड्यांचें पडलें, आणि दोन्ही टोकें धरितां ५६ भरतात. मुद्रित प्रतींत संख्या मिळते, कारण पंचांगांत सांपडतें!

खरा मुद्दा निराळाच. मूळ प्रसारणांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक इत्यादि अनेक कंठ होते. पुढें फडक्यांनीं जाहीर कार्यक्रमांत व तबकड्यांवर सर्व गीतें एकट्यानें गाइलीं, आणि तोच पाठ घरोघर रूढ झाला. गजाननराव वाटव्यांच्या पिढीनें एका गायकाचा भावगीत-कार्यक्रम रुजविलाच होता, त्यामुळें श्रोत्यांस यांत कांहीं खटकलें नाहीं. पण पात्रांच्या मुखीं असलेलीं पदें अशानें एकाच निवेदकाचें कीर्तनवजा कथन बनलीं. आमच्या मतें हा फरक लहान नव्हे. सबब तबकडीस मूळ प्रत समजूं नये. आणि त्या वर्षींची एखादी फीत वा टिपणवही कोणाच्या संग्रहीं निघाल्यास ती रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळास दाखवावी.